शेवटला हात कोना?

जळगावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारे पुष्कळ होते, पण गिऱ्हाईक सांगेल ते खरं मानून काम करणारे एकटे आबा. बाकीचे कारागीर गिऱ्हाइकाचं बोलणं एका कानाने ऐकत आणि सरळ पाना हातात घेत. त्यांचं चुकत होतं असंही नाही. ज्याची मोटार जळते तो माणूस सहसा खरं सांगत नाही. त्याने फ्यूजमध्ये जाड तार कोंबलेली असते, किंवा विहिरीचं पाणी खाली गेलेलं असताना मोटार तशीच चालू ठेवून तो लग्नाला गेलेला असतो. दुकानात येऊन मात्र सांगतो की काही केलं नाही, आपोआप बंद पडली.

आबा आधी त्याला लाकडी खोक्यावर बसवत. माठातलं पाणी देत. मग समोर उकिडवे बसून तीन प्रश्न विचारत, आणि ते तीन प्रश्न कधी बदलले नाहीत.

"आवाज उना का?"

"वास उना का?"

"शेवटला हात कोना?"

म्हणजे बंद पडताना आवाज आला का, वास आला का, आणि बंद पडण्याआधी शेवटचा हात कोणाचा लागला. उत्तरं ते खडूने एका पाटीवर लिहीत. ती पाटी खरोखरची शाळेची, लाकडी चौकटीची होती. काम संपेपर्यंत पाटी मोटारीच्या शेजारी उभी असायची. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक ओळ होती: 'काय झाले ते नीट सांगावे. सांगाल ते खरे धरले जाईल.' नवीन गिऱ्हाइकाला ती धमकी वाटायची. जुन्यांना ठाऊक होतं की हा माणूस शब्दशः तसंच वागतो.

चोपड्याकडच्या एका केळीवाल्याचा किस्सा आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. त्याची पाणबुडी मोटार बंद पडली. केबल नवी शे, असं तो म्हणाला. आबांनी पाटीवर लिहिलं, केबल नवी. मग दोन दिवस बसून त्यांनी मोटारीतल्या तारेचा एकेक आटा नव्याने भरला, वार्निश लावलं, वाळवली. केळीवाला ती घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, कारण मोटार काही चालली नव्हती. केबल जुनी होती आणि उंदराने कुरतडली होती. आबांनी एवढंच म्हटलं, "तुम्ही सांगं, नवी शे. म्हनीसन मी देखी नही." त्यात टोमणा नव्हता. केळीवाल्याला टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तो बाहेर पानटपरीवर जाऊन म्हणाला की म्हातारा येडा आहे. पण पुढची मोटारही त्याने आबांकडेच आणली, आणि त्या वेळी सगळं नीट सांगितलं.

आम्ही त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी मुलींच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचे. माझे यजमान धुळ्याला नोकरीला होते, शनिवारी येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस माझी सोबत म्हणजे जिन्याखालून येणारा वार्निशचा वास आणि आबांचं मोजणं.

मोजणं ही त्यांची दुसरी तऱ्हा. तांब्याच्या तारेचे आटे घालताना ते मोठ्याने मोजत, आणि मोजत असताना कोणाशी बोलत नसत. कोणी काही विचारलं की एक बोट वर करत. वेटोळं पूर्ण झालं की मग उत्तरं देत, ज्या क्रमाने प्रश्न आले त्याच क्रमाने. एकदा एका वाटसरूने एरंडोलची बस कुठून सुटते विचारलं, बोट पाहिलं आणि कंटाळून निघून गेला. दहा मिनिटांनी आबांनी रिकाम्या रस्त्याकडे बघून सगळा पत्ता व्यवस्थित सांगितला. मी जिन्यात उभी होते. मला हसू आवरेना. ते म्हणाले, "त्यानी विचारं व्हतं ना, माय." ते पाच वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना माय म्हणत. शाळेतल्या बाई म्हणून माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, पहिल्या वाक्यात 'खूप' म्हणत, आणि दुसऱ्या वाक्याला 'गंज' म्हणून आपल्या बोलीत परत येत.

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे टेबलावर एका वेळी एकच काम. एकदा एक वस्तू टेबलावर चढली की ती चालू होऊन उतरेपर्यंत दुसरी चढत नसे. बाहेर बैलगाडीत मोटार घेऊन कोणीही येवो, तो खोक्यावर बसून राही. "एक टाइमले एकच," आबा म्हणत. "दोन उघडात की दोन्हींना इस्क्रू एक व्हई जातस."

अक्का, म्हणजे त्यांच्या बायको, या सगळ्याला कंटाळलेल्या होत्या. "यास्ले काय बी सांगा, खरंच वाटस," त्या मला सांगत. थोरल्या मुलाने अभ्यास झाला सांगितलं तर यांनी झाला म्हणून मानलं, आणि मुलगा नापास झाल्यावरही त्याला विचारलं नाही. भरताला मीठ बरोबर आहे असं अक्का म्हणाल्या, की अळणी भरीत मुकाट्याने खायचे. हे असे का झाले याची अक्कांकडे दर वेळी वेगळी गोष्ट असे. कधी म्हणत, तरुणपणी धुळ्याच्या एका तेलगिरणीत यांचा शब्द खरा न धरता यांना कामावरून काढलं होतं. कधी म्हणत, यांचे वडीलच असे होते. कधी म्हणत, उन्हाने डोकं फिरलं. मी या गोष्टी फारशा मनावर घेतल्या नाहीत. माणूस तसा होता, एवढं मला पुरेसं होतं. निदान ज्या आठवड्याबद्दल मी सांगणार आहे तोवर पुरेसं होतं.

नव्वदच्या दशकातला मधला कुठला तरी उन्हाळा. आमच्या शाळेत संगणक हा विषय सुरू करायचं घाटत होतं. संस्थेच्या मंडळींचं म्हणणं, बाहेरच्या एका क्लासवाल्याला ठेका द्यावा, त्याची माणसं येऊन शिकवतील. मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं, कशाला बाहेरचे, मी शिकवते. मला एवढं कुठे येत होतं. पण दोन वर्षं मासिकं वाचून, सुट्टीत एका ओळखीच्यांकडे बसून मी बरंच शिकले होते, आणि मला तो विषय हवा होता. इतका हवा होता की स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं की मी स्वतः सुटे भाग आणून घरी संगणक जोडते, आणि शनिवारी संस्थेच्या मंडळींना चालवून दाखवते. तो चालला तर वर्ग माझा. एक सहशिक्षिका म्हणाल्या, "बाई, मिक्सर नाही तो." सगळे हसले. मीही हसले, पण मनात ठिणगी पडली होती.

मुंबईहून यजमानांनी आणि मी दोन फेऱ्यांत सगळं आणलं. कॅबिनेट म्हणतात ते पत्र्याचं छोटं कपाट, त्यात बसवायचा मोठा बोर्ड, हार्डडिस्क, फ्लॉपी, पडदा, कीबोर्ड, आणि वीजपुरवठ्याची चौकोनी पत्र्याची डबी, जिच्यातून रंगीबेरंगी वायरींचा झुबका निघतो. रविवारी दिवसभर आम्ही जमिनीवर चादर अंथरून जोडणी केली. संध्याकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पडद्यावर आकडे उमटले, आणि बंद. पुन्हा लागला, पुन्हा बंद. कारण समजायला वेळ लागला नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतून केळीला पाणी द्यायला मोटारी लागल्या की आमच्या घरातला बल्ब लाल व्हायचा. मिक्सर फिरायचा नाही, ट्यूब लागायची नाही. त्या दिवशी आबांच्या दुकानातल्या भिंतीवरच्या व्होल्टमीटरचा काटा दोनशे तीसऐवजी एकशे तीसवर होता.

डबीच्या मागे, पंख्याच्या जाळीखाली, एक लाल बटण होतं. सरकवायचं. एका बाजूला २३० असा आकडा, दुसऱ्या बाजूला ११५. मी नववीला वीज शिकवणारी बाई. मी हिशोब केला की आपल्याकडे आत्ता एकशे तीस आहे, म्हणजे ११५ जवळचं. यजमान अंघोळीला गेले होते. मी केसांतल्या पिनने बटण सरकवलं.

संगणक लख्ख चालू झाला. दीड तास मी त्याच्यासमोर बसून होते. शाळेतल्या मुलींची नावं टाइप केली, पुसली, परत टाइप केली. आनंद म्हणजे काय ते मला त्या दीड तासात कळलं, असं म्हटलं तर यजमानांना राग येईल, पण ते खरं आहे.

सोमवारी ते पहाटे गेले. शाळेत जायच्या आधी म्हटलं एकदा पाहू. सकाळी मोटारी बंद असतात, वीज पूर्ण दाबाने येते, हे मला माहीत होतं. माहीत असून, लाल बटण अजून ११५ वरच आहे हे आठवलं नाही. बटण दाबलं, टप्प असा आवाज झाला, जळक्या माशासारखा एक घाण वास आला, आणि सगळं शांत. मी खिडक्या उघडल्या. मग पिनने ते लाल बटण परत २३० वर आणून ठेवलं. हे मी विचार करून केलं असं नाही, आणि अगदी नकळत केलं असंही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी संगणक आबांकडे खाली नेला. त्यांनी आयुष्यात संगणक पाहिला नव्हता. पण मुंबईला पाठवून परत येईपर्यंत शनिवार निघून गेला असता, आणि आबांना निदान वीज कळत होती.

"बस माय. पानी पे. काय व्हयनं ते सांग."

मी सांगितलं की काल सकाळी लावला तर लागला नाही.

"आवाज उना का?"

"नाही."

"वास उना का?"

"नाही."

"शेवटला हात कोना?"

"माझाच. पण मी काही बदललं नाही."

हे मी का बोलले ते मला तेव्हाही कळत होतं. शेजारी तो चोपड्याचा केळीवाला आपली मोटार घेऊन नुकताच आला होता आणि कान देऊन ऐकत होता. गल्लीत बातमी झाली असती की विज्ञानाच्या बाईंनी उलटं बटण दाबून मशीन जाळलं. ती शाळेत पोचायला एक दिवस लागला असता. शिवाय वाटलं, आबा डबी उघडतीलच, बदलायचं ते बदलतील, आणि कोणाला काही सांगायला लागणार नाही. वास गेला असेलच, आणि नसला तरी वार्निशच्या त्या दुकानात कोणाला येणार.

आबांनी पाटीवर लिहिलं: आवाज नाही. वास नाही. बदल नाही. मग पाटीकडे बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे डबी चांगली शे," ते म्हणाले.

त्यांनी टेस्ट लॅम्प लावून भिंतीतली वीज पाहिली, वायर पाहिली, डबीच्या तोंडापर्यंत वीज येते हे पाहिलं. पुढे काही निघत नव्हतं. दुसऱ्या कोणी लगेच डबी उघडली असती. आबांनी पाटीकडे पाहून विचार केला: डबी तर जळलेली नाही, मग पुढचा कुठला तरी भाग बिघडून तिला दाबून धरत असणार, म्हणून ती गप्प आहे. कुठला दाबतोय ते शोधायचं. त्यांनी एकेक भाग काढायला सुरुवात केली. एक काढायचा, त्याचे जोडणीचे पाय खोडरबराने घासायचे, बटण दाबून बघायचं, तो परत लावायचा, मग दुसरा. प्रत्येक वेळी एकच बदल. काढलेला प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर, ज्या जागेचा त्या जागी, पेन्सिलीने गोल काढून. संगणक न पाहिलेला माणूस इतक्या नेटकेपणाने तो उघडत होता की मला त्या हातांकडे बघवत नव्हतं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. मी शाळा सुटली की खाली येऊन बसायचे. मुख्याध्यापिकाबाई विचारत, "शनिवारचं नक्की ना?" मी नक्की म्हणायचे. केळीवाला सकाळी येई, खोक्यावर बसे, संध्याकाळच्या गाडीने जाई. दुसऱ्या कारागिराकडे जा म्हटलं तर तो जात नसे. एप्रिलचं ऊन तापलं होतं. बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं.

"आबा, बागले पानी कव्हय भेटी?"

आबा म्हणाले, "माय ना मशीन चालू व्हवू दे. तिनी शाळा शे."

केळीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. शाळेचं काम म्हणजे मोठं काम असं त्याने मान्य केलं होतं. त्या संध्याकाळी मी वर जाऊन पोळी केली आणि ती तशीच ठेवून दिली.

गुरुवारी मी गेले तेव्हा संगणकाचं कपाट रिकामं होतं. बोर्ड, डिस्क, फ्लॉपी, सगळे भाग वर्तमानपत्रांवर मांडलेले. टेबलावर एकटी डबी. आबांनी तिला, वीज खेचायला काहीतरी हवं म्हणून, एक मोटारगाडीचा दिवा जोडून पाहिला होता. तो लागत नव्हता. आता तिला दाबून धरणारा कुठलाही भाग उरला नव्हता. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की दोष कुठे आहे. आबांनी पाटी उचलली, वाचली, खाली ठेवली.

"कुठं तरी मन्हं चुकनं," ते म्हणाले. "आते बठ्ठं पुन्हा पहिल्यापासून देखूत." आणि त्यांनी बोर्ड उचलला, परत कपाटात बसवायला.

केळीवाला उठला, बाहेर जाऊन आपल्या मोटारीवर ओलं पोतं नीट करून आला आणि परत बसला. लोखंडाला ओलं पोतं कशाला लागतं. बहुतेक हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून.

"आबा, थांबा," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं."

आबांनी बोर्ड खाली ठेवला. मी तोंड उघडून सगळं सांगायला लागले तर त्यांनी बोट वर केलं, मोजताना करत तसं. फडकं घेतलं, पाटी पुसली. ओल्या फडक्याने परत पुसली. खोक्यावरून केळीवाल्याला उठवून मला तिथे बसवलं. माठातलं पाणी दिलं. समोर उकिडवे बसले.

"आवाज उना का?"

"आला. टप्प असा."

"वास उना का?"

"आला."

"शेवटला हात कोना?"

"माझा. मागचं लाल बटण मी ११५ वर केलं होतं. नंतर परत फिरवून ठेवलं."

ते सगळं त्यांनी पाटीवर लिहिलं. मग चार स्क्रू काढून डबी उघडली. आत वीज साठवणाऱ्या दोन नळकांड्यांची डोकी फुटलेली होती, फ्यूज काळा पडलेला होता, आणि तो वास, जळक्या माशाचा, चौथ्या दिवशीही तिथेच होता. दुकानभर पसरला. केळीवाल्याने नाकाला उपरणं लावलं.

आबांनी नाकाला काही लावलं नाही. त्यांना नवल वाटल्याचंही दिसलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आबा, तुम्हाला वास आला होता का? मंगळवारी, मी आणला तेव्हा?"

"उना व्हता."

"मग?"

"तू सांगं व्हतं, नही उना."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. केळीवाला बाहेर गेला. आबा नळकांड्यांवरचे आकडे कागदावर उतरवत होते. म्हणाले, यातला एक भाग टीव्हीवाल्यांकडे मिळेल, दुसरा जळगावात मिळायचा नाही, मागवावा लागेल, सोमवार-मंगळवार होईल. मग डबी त्यांनी टेबलावरून खाली घेतली. भाग येईपर्यंत टेबल मोकळं होतं. केळीवाल्याची मोटार वर चढली.

जाताना मी त्याला म्हटलं, "दादा, माझ्यामुळे तुमचे तीन दिवस गेले."

"ऱ्हाऊ द्या ताई, व्हस असं," तो म्हणाला. पुढे कळलं, शेजाऱ्याने दोन पाळ्या पाणी दिलं म्हणून बाग वाचली, तरी कडेच्या ओळी करपल्या.

शनिवारी संस्थेची मंडळी आली. मी रिकाम्या हाताने उभी राहिले. मला सांभाळून घ्यायला मुख्याध्यापिकाबाई, वीज नव्हती, मुंबईचा माल खराब निघाला, असं काहीतरी सांगायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, बटण मी चुकीचं फिरवलं, त्यामुळे जळला, आणि ते मी चार दिवस लपवलं. शेवटचं वाक्य कोणी विचारलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "बाईंनाच कळत नाही, तर मुलींना काय शिकवणार?" वर्ग बाहेरच्या क्लासला गेला. दोन वर्षांनी त्यांची माणसं येईनाशी झाली तेव्हा तो माझ्याकडे आला, पण ती दोन वर्षं मी शेजारच्या वर्गात भूमिती शिकवत भिंतीपलीकडचा आवाज ऐकत काढली. खरं बोलल्याचं समाधान वगैरे वाटलं का? नाही वाटलं. वाईटच वाटलं. फक्त रात्री झोप लागायला लागली.

संगणक पुढच्या मंगळवारी चालू झाला. बोर्ड शाबूत होता. आबा टेबलासमोर हात मागे बांधून उभे होते. काळ्या पडद्यावर आकडे भराभर वर चढू लागले. आबांचे ओठ हलत होते.

"हाई काय मोजी ऱ्हायनं?"

मी म्हटलं, स्वतःलाच मोजतोय. आपल्याजवळ जागा किती आहे, सगळं ठीक आहे का, ते आधी बघतो, मग कामाला लागतो.

"रोज?"

"रोज. चालू केला की पहिलं तेच."

"चांगलं करस," आबा म्हणाले, आणि पाटी पुसून ठेवली.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी आबांनी दुकान बंद केलं आणि ते आणि अक्का धुळ्याला थोरल्या मुलाकडे गेले. तोच मुलगा, नापास झालेला. त्याचं आता चांगलं चाललं होतं. आबा आजारी आहेत असं कळलं, म्हणून एका रविवारी मी एकटीच जाऊन आले. ते खाटेवर भिंतीकडे पाठ करून पडले होते. अंगाने अर्धे झाले होते. अक्का स्वयंपाकघरातून हळूच मला म्हणाल्या, डॉक्टर विचारतो, पोरगा विचारतो, सून विचारते, कोणाला काही सांगत नाहीत. काही दुखत नाही म्हणतात. डॉक्टर त्यांच्या बोलण्याकडे लक्ष न देता सुया टोचतो, मग ते त्याच्याशी बोलतही नाहीत.

मी खाटेजवळ बसले. त्यांनी ओळखलं. संगणक चालतो का विचारलं, केळीवाल्याची खुशाली विचारली. बोलता बोलता त्यांची बोटं चादर घट्ट धरत होती आणि सोडत होती.

"आबा, दुखतं का?"

"नही."

कपाळावर घाम होता. पंखा चालू होता. एखादा आंधळाही सांगू शकला असता. माझ्या तोंडावर आलं होतं की आबा, मला दिसतंय ना, खोटं कशाला बोलता. मी ते गिळलं.

"बरं," मी म्हटलं. आणि मी त्यांचं बोलणं खरं धरून बसले. शाळेतल्या मुलींच्या गोष्टी सांगितल्या. जळगावच्या पावसाचं बोलले. अक्कांनी चहा दिला तो घेतला. तास झाला असेल. मधे एकदा त्यांनी मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मी पुन्हा विचारते की काय म्हणून. मी विचारलं नाही. जळगावच्या गाडीची वेळ झाली तेव्हा उठले, त्यांच्या पाया पडले, चपला घातल्या. उंबऱ्याशी पोचले होते.

"माय."

मी वळले.

"दुखस," आबा म्हणाले. "गंज दुखस, माय."

मी चपला काढल्या, आत जाऊन त्यांच्या उशाशी बसले आणि मुलाला बोलावून घेतलं. जळगावची ती गाडी मी सोडून दिली.